जहाज थांबून राहिलं

दादा, पहिलंच सांगून टाकते. मी तुझं ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही. तू गेलास म्हणजे तुझं म्हणणं खरं झालं, असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. काहून भांडू नये? जिवंत होतास तेव्हा तर तू माझ्याशी बोलतच नव्हतास. माझी लेक संघमित्रा जहाजावर नोकरीला गेली, त्या दिवसापासून तू तोंड फिरवलंस. वहिनीसोबत सौंसरला आलास, तिच्या माहेरी चहा पिऊन परत पांढुर्ण्याला गेलास. माझं घर तिथून दोन गल्ल्या पुढं, पण तुझे पाय वळले नाहीत. आता ऐक. उठून जाता येत नाही तुला, एवढा एकच फायदा तुझ्या जाण्यानं मला झाला आहे.

शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लिहायला बसलं की हात आपोआप पुस्तकी भाषेकडे जातो. पण तुझ्याशी भांडायला ती भाषा कधीच पुरली नाही. मधून मधून आपली येईल. येऊ दे.

तुझं काम काय होतं हे या गावांना कधी कळलंच नाही, आणि तू ते कळूही दिलं नाहीस. तू ज्या जहाजावर होतास ते समुद्राखालून केबल टाकायला लागलं, एवढं मी आईला सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं, आणि चार घरं ओलांडून तुझ्या पांढुर्ण्याला पोचेपर्यंत त्यातला समुद्र गळून पडला. उरली केबल. त्या काळात केबल म्हणजे टीव्हीची, दुसरी कोणती? पुढच्या सुट्टीत तू पांढुर्ण्याला आलास तर शेजारच्या रुख्माबाई दारातच उभ्या. त्यांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. तू समजावायला गेलास, की मावशी, माही केबल येगळी हाये, थे पाण्याखालून जाते. त्या म्हणाल्या, मंग माह्या वायरीत पाणीच गेलं असन बाबा, पाहून दे. आणि तू मुकाट्यानं छतावर चढलास. चित्रही आलं.

झालं. तेव्हापासून तू सगळ्या मोहल्ल्याचा केबलवाले भाऊ. सुट्टीवर आलास की लोक वाट पाहत असायचे. मला भयंकर राग यायचा. म्हटलं, एकदा नीट सांगून टाक ना त्यांना. तू म्हणालास, सांगण्यापेक्षा छतावर चढणं सोपं हाये, बेबी.

पण रामाकोन्याला आईच्या अंगणात तू सगळं सांगायचास. ऐकायला आम्ही तिघी: आई, मी आणि संघमित्रा, जी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. जहाज कसं असतं हे आईला दाखवायला तू दारातल्या ट्रॅक्टरकडं बोट केलंस. मुंडकं समोर अन् ट्रॉली मागं, तसंच माहं जहाज, म्हणालास. समोर तीन माळ्याची इमारत, झोपणं, जेवणं, चालवणं सगळं तिच्यात. आणि मागं मोकळं सपाट मैदान, पाण्याच्या इतकं जवळ की लाट आली की पायाखालून धुऊन जाते. आईनं विचारलं, मंग उंच काहून नाही बांधलं? तू म्हणालास, सामान चढवा-उतरवाचं असते ना माय, गोदामाचा ओटा ट्रॉलीच्या बरोबरीचा पायजे का नाही? आईला पटलं. आईला तुझं सगळंच पटायचं.

मुळात ते जहाज केबलसाठी बांधलेलंच नव्हतं. समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसांना सामान पोचवणारी ती सप्लाय बोट. डिझेल, पिण्याचं पाणी, सिमेंट, पाइप, कांदे-बटाटे, जे लागेल ते. तू बोरगावच्या फॅक्टरीत क्रेन चालवणारा. एका ठेकेदाराच्या मागं मुंबईला गेलास आणि त्या बोटीच्या क्रेनवर जाऊन बसलास. पुढं तिचं ते काम आटलं. मालकांनी तिला गोदीत नेलं, मागच्या मैदानावर भलीमोठी चकरी बसवली आणि चकरीवर केबलचं वेटोळं घातलं. चकरीच्या पुढं दोन जाड पट्ट्यांचं यंत्र. दोन पट्ट्यांच्या मधे केबल दाबून धरायची आणि हळूहळू सोडायची. उसाचा चरक असते तसा, पण रस काढाचा नाही, हे तुझे शब्द. अगदी मागच्या कडेला गोलसर उताराची घसरगुंडी, तिच्यावरून केबल पाण्यात उतरते. गोलसर एवढ्यासाठी, की केबलला एकदम मोड पडला तर आतला जीव जातो. आणि जहाज चालतं किती, तर बाजारातून घरी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसापेक्षा हळू.

अर्ध्या वयात तिला नवं काम शिकावं लागलं आणि तिनं ते केलं, याचं तुला कोण कौतुक. म्हणायचास, आपली बोट बाईमाणसासारखी हाये. माहेरी एक काम, सासरी दुसरं, अन् दोन्हीकडं नाव नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

संघमित्राला तू संत्र्याच्या पेट्या बांधायची दोरी दिलीस आणि अंगणात वेटोळं घालायला बसवलंस. घड्याळाच्या काट्यासारखं, एकाच दिशेनं. दोरी ओढायची नाही, ती जाते तशी जाऊ द्यायची, नुसतं हातानं बसवत राहायचं. एखादा फेरा उलटा पडला की तू सगळं उकलायला लावायचास. पोरगी रडायची, पण उठायची नाही. मी ओरडायची, की दादा, जेवू तरी दे तिला. तू म्हणायचास, मोठ्या जहाजावर केबल टाकीत वेटोळं करून भरतात, अन् टाकीत उतरलेला माणूस ती पुरी झाल्याशिवाय वर येत नाही. आता सांग, हे बी कोणी पेरलं? मी?

आणि आपलं ते जुनं भांडण. केबल टाकताना वारा फार वाढला तर काय करता, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, पुढं जाता येत नाही, केबलवर ताण येते. लंगरही टाकता येत नाही, तो कोणाच्या जुन्या केबलवर पडला तर दुसरंच लचांड. मग जहाजाच्या पोटाखाली आडवे पंखे असतात, ते चालू होतात. वारा इकडून ढकलतो, पंखे तिकडून ढकलतात. लाट जोर करते, पंखे जोर करतात. आतली सगळी इंजिनं धडधडत असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं जहाज नुसतं उभं आहे. असं थांबून रायते जहाज, तू म्हणालास.

मी तिथंच अडवलं. मास्तरीण ना मी! म्हटलं, थांबून राहते काय, दादा? थांबते म्हण. थांबलं आहे म्हण. करून राहिलो, जाऊन राहिलो, इथपर्यंत एक वेळ ठीक, त्यात काहीतरी चाललेलं असतं. थांबण्यात काय चालू असतं?

तू हसत सुटलास. म्हणालास, "बेबी, तुह्या मराठीत थांबणं म्हणजे काहीच न करणं. माह्या जहाजाले कधी कधी जाले लागत नाही तेवढं डिझेल थांबाले लागते. थांबलं म्हटलं तं लोकायले वाटन इंजिन बंद हाये. थांबून राहिलं असंच म्हणा लागते."

मी हार मानली नाही. आजही मानलेली नाही. आठवीच्या वहीत 'करून राहिलो' दिसलं की मी लाल रेघ ओढते, आणि मागच्या बाकावरची पोरं कुजबुजतात, मॅडम लाल करून राहिल्या. कुजबुजू दे.

आई गेली तेव्हा तू असाच थांबलेला होतास. केबलचं एक टोक समुद्राच्या तळाशी टाकून झालेलं, दुसरं तुमच्या चकरीवर. केबल पुरी टाकून झाल्याशिवाय, नाहीतर मधेच कापल्याशिवाय जहाज सुटत नाही, आणि एका माणसाच्या आईसाठी कोणी केबल कापत नाही. वादळ होतं, तुला घ्यायला ना बोट आली, ना हेलिकॉप्टर उडालं. फोनवर तू रडला नाहीस. एवढंच म्हणालास, तू पाहजो सगळं. मी पाहिलं. चितेला अग्नीही मीच दिला. रामाकोन्यात त्याआधी कोण्या बाईनं दिला नव्हता, आणि कोणाला काय वाटलं ते विचारायला मी थांबले नाही. तू आलास तेव्हा आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तू ती आडवी केलीस आणि दिवसभर तिच्यावर बसून होतास. जेव म्हटलं तरी उठला नाहीस.

तो दिवस तुझ्यातून कधी गेलाच नाही, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं असं वहिनी म्हणते. कळलं होतं मला. पण कळलं म्हणून मी माझी पोरगी घरात बसवून ठेवू काय?

संघमित्रा नागपूरला इलेक्ट्रिकलची इंजिनिअर झाली, जहाजावरच्या वीज विभागाचा कोर्स केला, आणि तिला बोलावणं आलं तेही केबल टाकणाऱ्या जहाजाचं. ही बातमी पहिल्यांदा मामालाच सांगायची, असा तिचा हट्ट. आम्ही मायलेकी पेढे घेऊन निघालो. नेमका शनिवार, जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाची ही गर्दी, बस हलेना. पोरीला दम निघत नव्हता, म्हणे उतरून पायी जाऊ.

तू पेढा हातात घेतलास आणि आधी जहाज कसं आहे ते विचारलंस. तिनं सांगितलं, नवं आहे, केबलसाठीच बांधलेलं, चकरी पोटात आहे, पंखे इतके, यंत्रं तितकी. तू नाक मुरडलंस. ज्यानं कधी कांदे वाहिले नाही थे काय जहाज झालं, म्हणालास. आम्ही हसलो. तुझी बोट तेव्हा भंगारात जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि ती भंगारात गेली असं तुझ्यासमोर म्हणायची चोरी होती. रिटायर झाली म्हणायचं. वाटलं, त्याच दुःखात बोलतो आहेस. मग तू पेढा परत डब्यात ठेवलास आणि म्हणालास, जहाजावर पोरीच्या जातीचं काम नाही.

मी काय ऐकून घेते? म्हटलं, तुझी बोट बाईमाणूस चालते अन् बोटीवर बाईमाणूस चालत नाही, हे कुठलं गणित? म्हटलं, पोरीचं नाव कोणी ठेवलं? तूच ना? नामकरणाच्या दिवशी उभं राहून तूच सांगितलंस ना सगळ्यांना, की पहिली संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार लंकेला गेली? ती काय सौंसरच्या बसनं गेली होती?

वहिनी हसली. तू हसला नाहीस. तू एकदम हळू आवाजात बोललास, आणि तुझा तो आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

"उद्या तुले काही झालं अन् ही तिथं अडकली, तं? मी अडकलो होतो, बेबी. मले माहीत हाये."

"मले जाळाले माणसं भेटतीन, दादा. तिच्या जागेवर जाले या गावात दुसरी पोट्टी भेटनार नाही."

याचं उत्तर अजून बाकी आहे तुझ्याकडं. पेढ्यांचा डबा आम्ही तिथंच ठेवून आलो. संघमित्रा सौंसर येईपर्यंत बसमधे खिडकीकडं तोंड करून बसली. महिन्याभरानं ती गेली. स्टेशनवर तू आला नाहीस.

आणि बघ कसं झालं. मला काही व्हायच्या आधी तुलाच झालं. सकाळी अंघोळ करून, चहा मागून, खुर्चीतच गेलास. मी पोचले तेव्हा वहिनीच्या हातात तो कप तसाच होता. कोणी तो तिच्या हातातून काढून घेत नव्हतं. मी घेतला.

संघमित्राला फोन मीच केला. जहाजावरचा फोन, आवाज मागं-पुढं होत होता. ती खूप वेळ नुसतं 'मामा, मामा' करत राहिली. तिची केबल अर्धी टाकून झाली होती. म्हणाली, थोड्या दिवसांत सामानाची बोट येणार आहे, तिच्यातून उतरता येईल, साहेब हो म्हणाले आहेत. पण तिच्या जागेवर यायला दुसरा माणूस तयार नाही, जे आहेत त्यांनाच तिचं काम ओढावं लागेल. आई, तू सांग, म्हणाली, तू म्हणशील तर उतरते.

माझ्या तोंडात 'ये' आलं होतं, दादा. अगदी ओठावर. मला माझी पोरगी पाहिजे होती. आईला मी एकटीनं पोचवलं, तुलाही मीच पोचवून राहिली होती, आणि मला कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवायचं होतं. मी म्हटलं, बोट यायच्या आधी सांगते. आणि फोन ठेवून दिला, नाहीतर बोललेच असते.

तुझ्या नावानं पाणी सोडायचं जलदान पांढुर्ण्याच्या विहारात झालं. माणसं खूप आली. ज्यांच्या ज्यांच्या छतावर तू चढला होतास ती सगळी आली असावीत. आपला चुलतभाऊ वसंतभाऊ बोलायला उभा राहिला, आणि तो उभा राहिला की माइक त्याला सोडत नाही. त्यानं सुरुवातच अशी केली, की आमच्या भावानं केबलच्या धंद्यात मोठं नाव कमावलं, गावागावात केबल पोचवली. लोकांनी माना हलवल्या. मी दात आवळून बसले. तिथून गाडी माझ्यावर आली. म्हणाला, भावाची शेवटची इच्छा होती की भाचीनं जहाज सोडावं. आता बोट येऊनच राहिली आहे. बेबीनं इथूनच, सगळ्यांच्या समोर, पोरीला फोन लावावा आणि उतर म्हणून सांगावं. गेलेल्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. वहिनीसुद्धा. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही.

मी उठले. आधी तर मी त्यांना तुझं जहाज सांगितलं. म्हटलं, तुम्ही ज्याला एवढी वर्षं डिश फिरवायला लावली, तो माणूस समुद्राच्या तळाशी केबल टाकत होता. ट्रॅक्टरचं मुंडकं सांगितलं, ट्रॉली सांगितली, चरक सांगितला, पोटाखालचे पंखे सांगितले. तुला सांगायचा कंटाळा होता ना? मी सांगून टाकलं, एकदाचं. रुख्माबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, मंग माही टीव्ही यानं कशी दुरुस्त केली वो? दोन-चार जण हसले. मग मी वसंतभाऊकडं वळले.

"दादा नाही म्हणत होता, खरं हाये. मरेपर्यंत नाहीच म्हणत होता. त्याचं मी तो जित्ता होता तवा ऐकलं नाही, वसंतभाऊ. आता मेल्यावर कायले ऐकू?"

वसंतभाऊनं माइक खाली ठेवला. मी लुगडं सावरून खाली बसले.

भन्तेजींनी मग पाणी सोडायला बोलावलं. लोट्याला वहिनीचा हात, माझा हात, सगळ्यांचे हात. ताटातली वाटी भरली, पाणी वाटीबाहेर आलं, ताटात पसरलं. भन्तेजींनी अर्थ सांगितला, की उंचावरचं पाणी उताराला जातं, नद्या वाहत जाऊन समुद्र भरतात, तसं इथं दिलेलं गेलेल्या माणसाला पोचतं. आजवर किती घरी मी हे ऐकलं आहे, मान खाली घालून, घरी गॅसवर काय ठेवलं होतं याचा विचार करत. या वेळी वाटलं, हे आपल्याच घराचं बोलून राहिले. रामाकोन्याच्या कन्हान नदीचं पाणी कुठं जातं हे मला भूगोलात माहीत होतं. ते माझ्या पोरीच्या जहाजाखाली जातं हे त्या दिवशी लक्षात आलं.

आणि नंतर जे झालं त्याचा जाब तू द्यायला पाहिजे. विहाराच्या ओट्यावर बसले होते, तर शामराव चहा घेऊन आले. तुझे टपरीवाले शामराव, ज्यांच्या बाकावर तू रोज सकाळी बसायचास. म्हणाले, बाई, तुम्ही बोलल्या थे चांगलं केलं. भाऊ मले रोज सांगे, शामराव, आता आमच्या घरात दुसरी केबलवाली झाली. मी तं नुसती केबल सोडत होतो, थे पोट्टी जहाज धरून ठेवते. त्या पंख्यायची वीज तिच्या हाताखाली हाये, तिनं लक्ष सोडलं तं जहाज वाहून जाईन.

चहावाल्याला सांगितलंस! रोज सांगितलंस! आणि मला नाही. दोन गल्ल्या, दादा. दोन गल्ल्या चालवल्या नाहीत तुला. मी एवढी रडले की शामराव घाबरून गेले, म्हणाले, साखर कमी झाली का? पण मी दुःखानं नाही, रागानं रडले, हे नीट समजून घे. अभिमान होता तर तोंडावर सांगायचा होतास. आणि भीती होती तर तीही माझ्याजवळ बसून काढायची होतीस, आईच्या खाटेवर बसला होतास तशी. मी काय परकी होते?

दोन्ही खरं असणार तुझं. नाही म्हणत होतास तेही, आणि टपरीवर मिरवत होतास तेही. ते 'नाही' तू भीतीपोटीच धरून ठेवलं होतंस. मी इकडून ढकलत होते, ती भीती तिकडून, आणि तू जागचा हलला नाहीस. पण त्या पोरीच्या हातात पहिली दोरी तूच दिलीस. तिचं नाव तू ठेवलंस. उलटा पडलेला फेरा उकलून पुन्हा घालायला तू शिकवलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, कारण भावाला कोणी असं म्हणत नाही. आज म्हणते. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. आणि तरीही तू चूकच होतास.

मी चहा संपवला, तोंड धुतलं आणि विहाराच्या मागच्या बाजूला जाऊन फोन लावला.

"आधी तुला काय वाटतं ते सांग," मी म्हटलं.

"मला उतरायचं नाही, आई. पण मामा..."

"मामाचं मी पाहते."

ती रडली. मी रडू दिलं. रडणं संपल्यावर मी आपलं विचारलं, की तिकडं काय चाललं आहे. तुला माहीत आहे, ही पोरगी नागपूरला गेल्यापासून कशी साफ बोलते. माझ्याशीसुद्धा. हॉस्टेलात कोणी तिच्या 'जाऊन राहिली'ला हसलं होतं, तेव्हापासून तिनं ते जिभेवरून पुसून टाकलं होतं. मला बरंच वाटलं होतं तेव्हा.

म्हणाली, "खूप वारा सुटला आहे, आई. जहाज थांबून राहिलं."

लाल पेन माझ्या पर्समधेच होतं. मी काही दुरुस्त केलं नाही.

बोट ठरल्याप्रमाणे आली, सामान देऊन गेली. संघमित्रा उतरली नाही. वसंतभाऊ माझ्याशी बोलत नाही, त्यानं तुझी जागा घेतली आहे. वहिनी माझ्याकडं सौंसरला आली आहे, तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर तिला बसवत नव्हतं. येताना तिनं तो पेढ्यांचा रिकामा डबा घासून पुसून परत आणला. ओट्यावर ठेवून दिला.

बाजारात, शाळेत, बसमधे बाया मला अडवतात. आई नाही, भाऊ गेला, पोरगी समुद्रात. मायेनंच विचारतात बिचाऱ्या, बेबीबाई, आता काय करून राहिल्या वो?

"थांबून राहिली," मी सांगते. "इंजिन चालू हाये."